तीन मण्यांचं भाषण

माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण तीन मण्यांचं झालं. हे वाक्य मी सुरतेत इतक्या लोकांना ऐकवलंय, की माझ्या तोंडून ते सुरू झालं की बायको उठून चहा ठेवायला जायची. पण तीन मणी म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, नाहीतर माझ्या फुशारकीचा आणि नंतरच्या फजितीचा पत्ताच लागणार नाही.

सुरतेतल्याच भेस्तानला एका प्राथमिक शाळेच्या खोलीत दर रविवारी सकाळी भाषणाचा वर्ग भरायचा. चालवणारे सर गुजराती, निवृत्त हेडमास्तर. आम्ही सगळे त्यांना मोठे सर म्हणायचो. लूमखात्यात यंत्रांवर देखरेख करणारे मास्तर, मिलचे मुकादम, साडीच्या दुकानातले सेल्समन, बढती हवी पण शेठपुढे तोंड उघडत नाही अशी सगळी मंडळी यायची. बोलणारा फळ्यापाशी उभा राहायचा, शिकवणारा खिडकीपाशी, आणि अगदी मागच्या बाकावर सहायक, हातात स्टीलची वाटी आणि लाल मण्यांची पुडी घेऊन. साडीवर टाकतात तेच काचेचे मणी. बोलणाऱ्याने मध्येच 'अं' केलं, 'म्हणजे', 'मतलब', 'एटले' असं काही उगाच घुसडलं, की सहायकाने एक मणी वाटीत टाकायचा. टण्. भाषण संपलं की वाटी बोलणाऱ्याच्या हातात. त्याने मणी मोजायचे आणि आकडा सगळ्यांना मोठ्याने सांगायचा. पहिल्या रविवारी लोकांचे पंचवीस-तीस पडायचे.

माझे पहिल्याच दिवशी तीन पडले. तेव्हा सहायक कोणी नव्हतं, मोठे सर स्वतःच वाटी घेऊन मागे बसले होते. मी "तीन" म्हणालो तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि सर रुमालाने तळवा पुसत पुढे आले. रुमालाला लाल डाग पडले होते. स्वस्तातले मणी, रंग कच्चा, एवढंच मनात येऊन गेलं. माझं लक्ष टाळ्यांकडे होतं.

त्या तीन मण्यांवर मी दहा वर्षं काढली. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी डिस्पॅचचा कारकून होतो. तिथे माझी किंमत एवढीच, की गठ्ठ्यांवर नंबर घालताना मी चुकत नसे. पण रविवारी सकाळी मी 'सर' होतो. आधी सहायक झालो, मग शिकवणारा झालो, आणि मोठ्या सरांचे गुडघे दुखायला लागल्यावर भेस्तानचा वर्ग माझाच झाला. ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि सगळं माझ्यावर सोपवायचे. आपण कोणीतरी आहोत असं मला आठवड्यातून फक्त तीन तास वाटायचं, आणि त्या तीन तासांत मला वाटेकरी नको होता.

सुरतेत चौऱ्याण्णव साली आलेल्या प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी मोठ्या सरांनी मला सहायक दिली. बमरोलीची मुलगी, वय चोवीस-पंचवीस. वडील मिलमध्ये, ती सकाळी बालवाडीत शिकवायची. लहानपणापासून जयंतीला विहारापुढच्या मंडपात बोलत आलेली, त्यामुळे माइकची भीती तिला ठाऊकच नव्हती. तिला तयार करायचं काम माझं. विद्यार्थी गेले की दहा मिनिटं आम्ही पोरांच्या बुटक्या बाकांवर समोरासमोर बसायचो आणि मी तिला त्या दिवसाचं काय चांगलं झालं, काय चुकलं ते सांगायचो. मोठ्या सरांचा नियम होता: आधी दोन बऱ्या गोष्टी, मग एक सुधारायची. एकच. दुसरी सांगायची नाही, माणूस दबतो.

पहिले दोन महिने मी हे काम मनापासून केलं, एवढं श्रेय मला घेऊ द्या. बोलणारा अडला की त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, हे मीच तिला शिकवलं. माना डोलवू नकोस, तो तुझ्या मानेकडे बघून बोलायला लागेल, हेही मीच. सांगितलेली गोष्ट तिला परत सांगावी लागत नसे. मला वाटायचं, काय शिकवतो आपण!

मग दुसरी बॅच सुरू झाली आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भाषण संपवून माणूस जागेवर जाताना खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे बघायचा. ही इतक्या वर्षांची रीत. आता ते आधी मागच्या बाकाकडे बघायला लागले. तिथे काय दिसायचं कोण जाणे, पण चेहरे सैल व्हायचे आणि मग आठवण झाल्यासारखे माझ्याकडे वळायचे. एका रविवारी ती तापाने आली नाही, तर दाराशीच तिघांनी मला विचारलं, "ताई नाहीत?" दहा वर्षांत मी दोनदा आजारी पडलो होतो. "सर नाहीत?" असं कोणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं.

मी जळत होतो. त्याला दुसरा शब्द नाही. रविवारी वर्गानंतर लोचो, म्हणजे तो डाळीचा वाफवलेला नाश्ता, खाताना मोठे सर तिच्या कुठल्याशा बोलण्यावर पोट धरून हसले, तर मी बशी अर्धीच ठेवून दिली. ती माझ्याच हाताखाली शिकतेय, तिचं कौतुक ते माझं कौतुक, असं मी स्वतःला समजवायचो. ते पटायचं नाही. तिची साडी, तिचं स्वच्छ अक्षर, वर्गात शिरताना चपला भिंतीशी नीट जोडून ठेवणं, सगळंच मला खुपायला लागलं.

त्या बॅचमध्ये एक लूमखात्यातले मास्तर होते. पन्नाशीकडे झुकलेले, नंदुरबारकडचे, बमरोलीत तिच्याच गल्लीत राहणारे. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि व्याह्यांसमोर उभं राहून चार शब्द बोलायचे, एवढीच त्यांची हौस होती. यंत्राच्या आवाजात उभा जन्म गेल्यामुळे ते एकतर ओरडायचे नाहीतर गप्प व्हायचे. पहिल्या रविवारी त्यांच्या वाटीत चौदा पडले, दुसऱ्या वेळी बारा, तिसऱ्या वेळी नऊ. मास्तर वाटी हातात घेऊन असा आकडा सांगायचे, जणू बक्षीस मिळालंय.

पण त्या तिसऱ्या वेळी खिडकीपाशी उभं राहून मीही मोजत होतो, बोटांच्या पेरांवर. सवय. माझे एकवीस झाले होते.

विद्यार्थी गेल्यावर मी तिला म्हणालो, "हात दाखव." तिने डावी मूठ उघडली. वाटीत न टाकता मुठीत धरलेले मणी पुडीत परत गेले होते, पण तळवा घामाने आणि कच्च्या रंगाने लालभडक झाला होता.

मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. इतके दिवस तिच्यात शोधत होतो ते सापडलं होतं.

त्याच सुमारास कडोदऱ्याला नवीन वर्ग काढायचं ठरत होतं. तिकडच्या कारखान्यांतल्या लोकांची मागणी होती. मोठ्या सरांच्या मनात तो वर्ग तिला द्यायचा होता, पण त्यांची पद्धत अशी, की सहायकाला वर्ग द्यायचा का, हे त्याला तयार करणाऱ्याने लिहून द्यायचं. त्याचा शब्द ते फिरवायचे नाहीत. तिचा वर्ग माझ्या एका शेऱ्यावर अवलंबून होता, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आमचे शेरे पुठ्ठ्यावर लिहिले जायचे. साडीच्या घडीत घालतात तो पांढरा पुठ्ठा मी मिलमधून आणायचो. त्यावर मी लिहिलं: दोन बऱ्या गोष्टी, वेळेवर येते, अक्षर चांगलं. एक सुधारावी, मणी राखते. एकही मणी राखू नये. वाटी खोटं बोलली तर बोलणारा कधीच सुधारत नाही. आणखी एक बॅच सहायक म्हणून काढावी.

बोलायला शिकवणाऱ्या बाईबद्दल 'अक्षर चांगलं'! यापेक्षा कद्रू शेरा मी आजवर लिहिलेला नाही. पण वाटीचं ते वाक्य मला भलतंच आवडलं होतं. ते मी दोनदा वाचलं.

मोठ्या सरांनी पुठ्ठा बराच वेळ हातात धरला. "नक्की?" एवढंच विचारलं. मी "नक्की" म्हणालो, आणि त्यांनी पुठ्ठा तिच्याकडे दिला.

तिने तो उभ्यानेच वाचला. म्हणाली, "राखते हे खरंय, सर. पण पहिल्याच दिवशी तीस पडले तर तो माणूस दुसऱ्या रविवारी येईल का?"

"लाड नकोत," मी म्हणालो. "माझे कोणी लाड केले नव्हते. माझे तीन पडले ते खरे तीन होते."

"हो सर. तुमचं वेगळं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुठ्ठा दुमडत नाही म्हणून तिने तो पिशवीतल्या वहीत नीट सरकवला.

पुढच्या रविवारी मास्तर बोलायला उभे राहिले. विषय त्यांचाच, मुलीचं लग्न. "मन्ही पोर..." म्हणून त्यांनी सुरुवात केली, मग शुद्ध बोलायचं आठवून "माझी मुलगी" म्हणाले, आणि अडले. टण्. त्यांनी मागच्या बाकाकडे बघितलं. ती वाटीकडे बघत होती. ते पुढे बोलले. टण्. टण्. इतके दिवस कानावर न पडलेला प्रत्येक मणी त्या दिवशी पडत होता. दर आवाजाला मास्तरांचे खांदे जरासे वर जायचे. शेवटी शेवटी ते बोलेनातच, नुसते 'अं' 'अं' करत आवाजाची वाट बघत राहिले.

वाटी त्यांच्या हातात आली. त्यांनी सावकाश मोजले. "सत्तावीस," म्हणाले. तेवढा एकच शब्द त्यांनी त्या दिवशी न अडखळता उच्चारला.

मग ते तिच्या बाकाशी गेले. "माले नही जमस, ताई," एवढं म्हणून पिशवी उचलून निघून गेले.

त्या दिवशी दहा मिनिटांसाठी आम्ही समोरासमोर बसलो तेव्हा तिने विचारलं, "सर, मी बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," मी म्हणालो. आणि खरं लिहायचं तर माझ्या आत काहीतरी निवांत झालं. त्या दिवशी जागेवर जाताना तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

मास्तर परत आले नाहीत. ती दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली. पाळी बदलली, रविवारीही कामावर जावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. मुलीच्या लग्नाला ती गेली होती. व्याह्यांसमोर मास्तरांचे धाकटे भाऊ बोलले. मास्तर जेवणाच्या पंगतीत वाढत होते, असं तिने मला सांगितलं.

एका रविवारी व्हरांड्यात मोठ्या सरांनी मास्तरांची चौकशी केली. मी सांगितलं, सोडला त्यांनी वर्ग. किती पडले, त्यांनी विचारलं. सत्तावीस, मी म्हणालो. वर हेही म्हणालो, की काही लोकांच्यात ते नसतंच, सर. माझं बघा ना, मी पहिल्याच दिवशी...

"त्रण," सर म्हणाले. त्यांनाही ते वाक्य पाठ होतं.

मग गुडघा चोळत, माझ्याकडे न बघता ते बोलले, "जो भाई, पाड्या तो त्रण ज हता."

पाडले मी तीनच. त्या एका 'पाडले'पाशी मी अडकलो. रुमाल आठवला. दहा वर्षं डोळ्यांसमोर असलेला लाल डागांचा रुमाल.

"आणि मुठीत?" मी विचारलं.

"मुठ्ठीमां?" ते हसले. "गण्या नथी." मोजले नाहीत.

मला वाटलं होतं मी रडेन किंवा भांडेन. तसं काही झालं नाही. मी शाळेच्या नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो. मग विचारलं, माझा शेरा वाचलात तेव्हाच का नाही सांगितलंत? ते म्हणाले, शेरा तुझा होता. मी फिरवला असता तर मणी पडले असते, पण तुझ्या वाटीत, तुझी चूक चारचौघांत वाजली असती.

सगळ्यात जास्त काय झोंबलं ते सांगतो. दहा वर्षांचा अभिमान फुकट गेला, त्याचं दुःख होतंच. पण मोठ्या सरांनी जे केलं, ते या मुलीने कोणी न शिकवता पहिल्याच वर्षी केलं होतं. आणि मी दहा वर्षं वाटी धरून, शिकवून, मुठीत एक मणीही कधी धरला नव्हता. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हेवा कमी होईल असं वाटलं होतं, तो दुप्पट झाला.

त्याच आठवड्यात मी नवा पुठ्ठा लिहून दिला. तिला ताबडतोब कडोदऱ्याचा वर्ग द्यावा, तिच्याइतकी योग्य व्यक्ती नाही, वगैरे. मोठ्या सरांनी मान हलवली. ती पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली. मात्र पहिला शेरा चुकीचा होता, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायचं तर तो का लिहिला तेही सांगावं लागलं असतं.

सातआठ महिन्यांनी तिने मला कडोदऱ्याला बोलावलं. बॅचचा शेवटचा रविवार होता. बसने गेलो. हायवेपासून आत, एका लूमखात्याच्या वरची खोली, खाली यंत्रांची धडधड. वर्ग बघून मला धसका बसला. सगळं वक्तशीर, सगळं टापटीप, आणि निम्मी बाकं रिकामी. जे उरले होते ते छान बोलत होते, सरळ, स्वच्छ, एकेकाचे चार-पाच मणी. जागेवर जाताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मागे तिची नवीन सहायक बसली होती, कडोदऱ्याचीच एक मुलगी. वाटीवर तिचं लक्ष मांजरासारखं होतं.

टेबलावर माझा पुठ्ठा होता. पहिला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कडा चिकटवून ठेवलेला.

"सहायकाला आधी हाच वाचायला देते," ती म्हणाली. "एकही मणी राखू नये. सर, खरं सांगते, त्या मास्तरांचं झालं तेव्हा मी सोडून देणार होते. मग म्हटलं, सर उगाच नाही लिहिणार."

मी पुठ्ठा उचलून बघितला. अक्षर माझंच होतं.

मग ती वर्गाकडे वळून म्हणाली, "हे माझे सर. यांचं पहिलं भाषण तीन मण्यांचं झालं होतं. सर, तुमच्या तोंडून ऐकवा ना यांना."

मी फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. हे भाषण मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. "माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण," मी म्हणालो, "अं..."

टण्.

त्या सहायक मुलीचं चुकलं नव्हतं. तिला तसंच शिकवलं होतं. मी परत सुरुवात केली. म्हणालो, ते तीन मण्यांचं नव्हतं. किती मण्यांचं होतं ते कोणालाच माहीत नाही. टण्. रुमालाचं सांगितलं, वाटी मधूनमधून वाजतच होती. मास्तरांचं सांगितलं, त्यांचे सत्तावीस. टण्, टण्. हा पुठ्ठा मी लिहिला, म्हणालो, आणि यातलं वाटीबद्दलचं वाक्य दिसायला चांगलं आहे, पण ते मी, म्हणजे, मी... टण्. तुमच्या ताईवर जळत होतो म्हणून लिहिलं.

यानंतर मी किती अडखळलो ते माझं मला माहीत आहे, कारण पेरांवर मोजायची सवय तेव्हाही सुटली नव्हती. पण आवाज थांबला होता. मला वाटलं, ती मुलगी गडबडून गेली असेल. मी मागच्या बाकाकडे बघितलं. त्यांची ताई सहायकाशेजारी जाऊन बसली होती. तिने मण्यांची पुडी आपल्याकडे घेतली होती, डावी मूठ मांडीवर होती, आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. रागावली असावी. डोळे तरी तसेच दिसत होते. पण मूठ मिटलेली होती.

त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला. तिच्या जागी मी असतो तर अख्खी पुडी वाटीत उपडी केली असती.

भाषण संपलं. सहायकाने वाटी आणून माझ्या हातात दिली. मी मोजले. वाटीत अकरा मणी होते. मी मोठ्याने "वीस" म्हणालो, आणि बाकीचे नऊ मागायला मागच्या बाकापाशी जाऊन तिच्यापुढे हात केला.